खर्जातली गिटार आणि माइकची निवड

तारा उतरवून गिटार खर्जात नेली, ॲम्पचा गेन, म्हणजे आवाज फाटका-करकरीत करणारी खुंटी, चढवला आणि तळहाताची कड तारांवर टेकवून पहिला आघात केला की छातीत धक्का बसतो. तोच आघात रेकॉर्ड करून ऐकावा, तर धक्का गायब आणि उरते ती नुसती पातळ करकर. अशा वेळी जवळपास प्रत्येक जण एकच निष्कर्ष काढतो: आपल्या माइकला खालचे सूर पकडता येत नाहीत, जास्त बेस ऐकणारा माइक आणायला हवा.

मीही तेच केलं होतं. सात तारांची गिटार, सर्वांत जाड तार 'ए' सुरावर उतरवलेली. बेस ड्रमसाठी बनवलेला एक माइक हाताशी होता, तो स्पीकरसमोर लावला. एकटी गिटार ऐकली तेव्हा खोलीतले सगळे खूश. समोर भिंत उभी राहावी तसा आवाज! आठवडाभराने त्यावर ड्रम आणि बेस गिटार चढली आणि रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, बुडाला. कुठला सूर वाजतोय तेही कळेना, नुसतं घुमणं. गिटारचा फेडर (आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी) वर नेला की बेस गिटार नाहीशी व्हायची, खाली आणला की गिटारच नाहीशी. दोन दिवस खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या इक्वलायझरशी झुंजून शेवटी सगळ्या गिटारी पुन्हा वाजवल्या, साध्या डायनॅमिक माइकवर. पहिल्याच टेकला, म्हणजे पहिल्याच रेकॉर्डिंगला, रिफ उभा राहिला.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की गिटार जितकी खाली उतरवाल, तितकं माइक निवडताना मधल्या पट्टीकडे, म्हणजे मध्यम उंचीच्या सुरांकडे, जास्त बघावं लागतं आणि तळाकडे, म्हणजे अगदी खालच्या सुरांकडे, कमी. ऐकायला उलटं वाटतं खरं. पण त्यामागचं कारण एकदा समजलं की माइकची निवड बरीच सोपी होते. म्हणून माइकला हात लावण्याआधी तारेपासून सुरुवात करू.

तार, स्पीकर आणि कान

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, म्हणजे ८२ हर्ट्झ. ती एक स्वर उतरवून 'ड्रॉप डी' केलं की ७३. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात बोटांची टोकं गमावलेल्या, 'ब्लॅक सॅबथ' बँडच्या टोनी आयोमी यांनी १९७१ च्या सुमारास तारा तीन अर्धस्वर उतरवल्या, कारण सैल तारा दाबायला सोप्या जातात. तिथे जाड तार ६९ हर्ट्झवर येते. 'ड्रॉप सी'मध्ये ६५. सात तारांच्या गिटारची 'बी' ६२ वर, ती 'ए'वर उतरवली की बरोबर ५५. आठ तारांच्या गिटारची 'एफ शार्प' ४६. आणि तिथून आणखी एक स्वर खाली 'ई'पर्यंत गेलात की ४१ हर्ट्झ, म्हणजे थेट चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार.

आता हा आवाज ज्यातून बाहेर पडतो तो स्पीकर बघा. जड गिटारसाठी अतिशय वापरला जाणारा १२ इंची स्पीकर म्हणजे सेलेस्टियनचा व्हिंटेज ३०. त्याच्या माहितीपत्रकातच त्याची पट्टी ७० ते ५,००० हर्ट्झ अशी दिलेली आहे. गिटारच्या बाकी बहुतेक १२ इंची स्पीकरांची पट्टीही साधारण अशीच. ७० च्या खाली त्यांचा आवाज झपाट्याने उतरत जातो. म्हणजे 'ए'वर उतरवलेल्या तारेचा मूळ ५५ हर्ट्झचा सूर स्पीकरमधून पुरता बाहेर पडतच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माइक कितीही थोर असला तरी स्पीकरने न काढलेला सूर तो ऐकू शकत नाही.

मग आपल्याला तो सूर 'ए' म्हणून ऐकू कसा येतो? तार एकाच वेगाने थरथरत नाही. ५५ च्या जोडीला ११०, १६५, २२०, २७५ असे तिचे पटीतले सूर, म्हणजे हार्मोनिक्स, एकाच वेळी वाजत असतात, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे गेन चढवल्यावर आवाजाला येणारा फाटकेपणा, तर त्यांना आणखी फुगवतं. या सगळ्या सुरांमधलं अंतर ५५ चं आहे हे मेंदू बरोबर ओळखतो आणि मूळ सूर कमजोर असला, अगदी गाळलेला असला, तरी तो मनात भरून काढतो. फोनच्या बोटभर स्पीकरवर बेस गिटारची चाल ओळखता येते ती याच किमयेमुळे. तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये खर्ज खर्जासारखा वाटायला हवा असेल, तर ११० पासून वरचे हे हार्मोनिक्स स्वच्छ, वेगवेगळे ऐकू यायला हवेत. माइकचं काम तिथे आहे.

छातीतल्या धक्क्याची गोष्ट वेगळी. ॲम्पसमोर उभे असता तेव्हा आवाज प्रचंड मोठा असतो आणि मोठ्या आवाजात आपला कान खालचे सूर तुलनेने जास्त ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं: आवाज कमी केला की खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा फार लवकर कानाआड होतात. तोच रिफ नंतर माफक आवाजात ऐकला की पातळ वाटणारच. त्यात भर म्हणजे खोलीतल्या जमिनीने आणि कोपऱ्यांनी वाढवलेला तळ. माइक स्पीकरपासून दोन-तीन सेंटीमीटरवर असतो, त्याच्यापर्यंत यातलं फारसं काही पोहोचत नाही. शिवाय तुमचे कान बहुतेकदा कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, वर, बाजूला असतात. स्पीकरच्या नाकासमोर कान लावून तुम्ही उभे राहत नाही, माइक मात्र नेमका तिथेच असतो. त्यामुळे खोलीतला आवाज आणि माइकमधला आवाज वेगळा निघाला तर त्यात माइकचा दोष धरू नये.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. पॉवर कॉर्डमध्ये मूळ सूर आणि त्याचा पंचम एकत्र वाजतात. डिस्टॉर्शनमधून दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर जन्माला येतो. ५५ आणि ८२.५ ची वजाबाकी २७.५, म्हणजे मूळ सुराच्याही एक सप्तक खाली. नेहमीच्या 'ई' कॉर्डमध्ये हा वजाबाकीचा सूर ४१ ला पडतो. हे सूर सहसा वेगळे सूर म्हणून ऐकू येत नाहीत, पण ते ॲम्पची ताकद खातात, स्पीकरचा कागद पुढेमागे हलवत राहतात आणि सगळ्या आवाजावर गढूळपणाची साय धरतात. म्हणूनच खाली उतरवलेल्या गिटारसाठी ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल लावतात, त्याचा गेन जवळपास शून्यावर ठेवून. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झखालचा भाग डिस्टॉर्शन होण्याआधी उतरता केलेला असतो. चिखल गाळायची खरी जागा ही. इथे तो गाळला नाही तर पुढे कुठलाच माइक तो गाळून देणार नाही, आणि तळ उचलणारा माइक लावलात तर तो त्यात आणखी पाणी ओतेल.

जवळ गेल्यावर माइक काय करतो

गिटारसमोर लागणारे बहुतेक माइक एका दिशेने जास्त ऐकणारे असतात. त्यांच्या पडद्याच्या पुढूनही आवाज येतो आणि मागूनही, आणि या दोन बाजूंच्या दाबातला फरक माइक मोजतो. लांबून येणाऱ्या खालच्या सुराच्या बाबतीत हा फरक नगण्य असतो. ५५ हर्ट्झची एक लाट सव्वासहा मीटर लांब असते, तिला पडद्याच्या पुढची बाजू काय आणि मागची काय. त्यामुळे माइकची रचनाच खालचे सूर उचलून धरेल अशी केलेली असते. पण माइक स्पीकरला जवळजवळ चिकटवला की पुढची बाजू आवाजाच्या उगमापासून दोन सेंटीमीटरवर आणि मागची त्याच्या दुपटीवर, अशी स्थिती येते. आता अंतरामुळेच दाबात मोठा फरक पडतो आणि आधीच उचलून धरलेले खालचे सूर एकदम फुगतात. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये हा फुगवटा मित्र ठरतो, गिटारला अंग देतो. खर्जात मात्र त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. बंद पाठीच्या मोठ्या कॅबिनेटचा स्वतःचा घुमार साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. 'ए'वर उतरवलेल्या तारेचा दुसरा हार्मोनिक ११० ला, 'बी'चा १२३ ला. म्हणजे तारेचा सर्वांत दणकट हार्मोनिक, कॅबिनेटचा घुमार आणि माइकचा फुगवटा हे तिघं एकाच दारात उभे. मग पाम म्यूट केलेला, म्हणजे तळहाताची कड टेकवून वाजवलेला, मोकळ्या तारेचा आघात धाडकन उडी मारतो, आणि त्याच रिफमध्ये चार फ्रेट वर गेलात की आवाज आपसूक बसतो. मिक्सिंग करणारा माणूस मग १०० ते २०० च्या पट्टीवर कॉम्प्रेसर लावून या उड्या दाबत बसतो. माइक दोन बोटं मागे सरकवला असता तर त्याचं अर्धं काम वाचलं असतं.

आता प्रत्यक्ष माइक

सुरुवात शुअरच्या एसएम५७ पासूनच करायची. १९६५ पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक माइक अर्नी सीलर यांनी १९५९ मध्ये घडवलेल्या युनिडाइन ३ या रचनेवर बेतलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसमोर भाषणाच्या मंचावर दिसतो तोही हाच. स्वस्त आणि दणकट म्हणून तो लोकप्रिय झाला असं अनेकांना वाटतं. खर्जातल्या गिटारसाठी तो चालतो त्याचं कारण त्याच्या कानात आहे. साधारण २०० हर्ट्झच्या खाली त्याचं ऐकणं हळूहळू उतरत जातं, आणि ५ ते ६ हजारांच्या आसपास ते उंचावतं. स्पीकरजवळ लावल्यावर प्रॉक्सिमिटीचा फुगवटा आणि हा उतार एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात, तळ मर्यादेत राहतो आणि प्लेक्ट्रमचा, म्हणजे तार छेडायच्या तुकड्याचा, तारेवरचा ओरखडा पुढे येतो. खर्जात सूर ओळखू येण्यासाठी लागतो तो हाच ओरखडा आणि त्याखालचे हार्मोनिक्स. त्याचा तोटाही तिथेच आहे. तो उंचवटा चुकीच्या स्पीकरच्या चुकीच्या जागेवर पडला की आवाज बोचायला लागतो. पण त्यावरचा उपाय माइक बदलणं नाही, जागा बदलणं. ते पुढे येईलच.

सेनहायझरचा एमडी ४२१ हा १९६० सालचा. एसएम५७ पेक्षा याचं अंग भरदार, मधली पट्टी जास्त रुंद आणि तळ खोलवर जाणारा. त्याच्या मानेपाशी एक पाच पायऱ्यांची फिरकी असते, तिने तळ टप्प्याटप्प्याने कापता येतो. खाली उतरवलेल्या गिटारवर ही फिरकी एक-दोन पायऱ्या फिरवून बघाच. मला स्वतःला ४२१ एकटा फारसा आवडत नाही. एसएम५७ च्या जोडीला मात्र तो अप्रतिम: एक कडा देतो, दुसरा मांस देतो.

रिबन माइकची गोष्ट निराळी. त्यात पडद्याऐवजी ॲल्युमिनियमची अतिशय पातळ पट्टी दोन चुंबकांमध्ये टांगलेली असते. गिटारसाठी सर्वांत माहितीचा रिबन म्हणजे रॉयरचा आर-१२१. तो १९९८ मध्ये आला आणि त्याची पट्टी केवळ अडीच मायक्रॉन जाडीची आहे. रिबनला वरच्या पट्टीतली किरकिर आवडत नाही, तो ती मऊ करून ऐकतो आणि मधली पट्टी अतिशय खरी देतो. चिरका ॲम्प आणि चिरका स्पीकर असेल तर हा माइक म्हणजे दिलासा. पण तो पुढून आणि मागून सारखाच ऐकतो, इंग्रजी 8 च्या आकड्यासारखा, आणि अशा माइकमध्ये प्रॉक्सिमिटीचा फुगवटा सर्वांत जास्त असतो. खर्जातल्या गिटारसमोर रिबन तीन सेंटीमीटरवर लावलात तर माझ्या बेस ड्रमवाल्या माइकचीच कहाणी नव्याने घडेल. त्याला १५ ते २० सेंटीमीटर मागे घ्या, मग तळ आवरतो. मागे घेण्याला दुसरंही कारण आहे. जोरदार पाम म्यूटच्या वेळी स्पीकरचा कागद हवेचा झोत ढकलतो आणि तो झोत ती ॲल्युमिनियमची पट्टी ताणू शकतो. माइक किंचित तिरका ठेवला की झोत सरळ पट्टीवर आदळत नाही. साध्या रिबनला लावलेल्या वाहिनीवर फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला दिला जाणारा वीजपुरवठा) बंद आहे ना, हेही दोनदा बघा. केबल सदोष असेल तर तीच पॉवर पट्टीचा जीव घेऊ शकते.

कंडेन्सर माइकवर फार वेळ घालवत नाही. तो सगळंच ऐकतो: स्पीकरचा तळ, वरची वाळूसारखी सळसळ, खोली, वाजवणाऱ्याच्या खुर्चीची कुरकुर. खोली चांगली असेल आणि थोडी हवा हवी असेल तर मीटरभर लांब लावून दुय्यम वाहिनी म्हणून छान. जवळ लावायचा असेल तर त्याचा आवाज उतरवणारा पॅड चालू करा, कारण स्पीकरसमोरचा आवाज त्याच्या सर्किटला झेपेलच असं नाही.

एका माइकचं नाव मुद्दाम घेतो, कारण खर्जासाठी त्याचा विचार फारसा कुणी करत नाही: इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२०. रेडिओच्या निवेदकांसमोर दिसतो तो जाडजूड माइक. त्याच्या अंगावर लांबपर्यंत ज्या खाचा दिसतात त्या आवाज वेगवेगळ्या अंतरांवरून आत घेतात आणि त्यामुळे प्रॉक्सिमिटीचा फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो. तो स्पीकरला कितीही चिकटवा, तळ जागचा हलत नाही. आठ तारांच्या गिटारवर, जिथे प्रत्येक आघात वेगळ्या उंचीची उडी मारतो, तिथे याचा शांत स्वभाव फार कामाला येतो.

बेस ड्रमच्या माइकबद्दल शेवटचं सांगून टाकतो. असे बहुतेक माइक ६० ते १०० हर्ट्झ उचलतात, ३०० ते ६०० च्या आसपास खड्डा पाडतात आणि वर टोक काढतात. ड्रमच्या कातड्यासाठी ते योग्यच आहे. गिटारचे जे हार्मोनिक्स मेंदूला खर्जाचा पत्ता सांगतात ते नेमके त्या खड्ड्यात पडतात. माझा रिफ बुडाला तो तिथेच.

एका सेंटीमीटरचा प्रश्न

माइक कुठला यापेक्षा तो कुठे, याने आवाज जास्त बदलतो. जाळीच्या कापडावर टॉर्च तिरकी धरा म्हणजे आतला स्पीकर दिसतो: मधोमध गोल टोपी, तिच्याभोवती कागदाचा शंकू. टोपीच्या मध्यावर आवाज सर्वांत चकचकीत आणि बोचरा, कडेकडे सरकत गेलात की मऊ आणि जाड. बहुतेक वेळा हवी असलेली जागा टोपी आणि शंकू जिथे भेटतात त्या कडेवर, किंवा तिच्या बोटभर अलीकडे-पलीकडे असते. आधीच खर्जात असलेल्या गिटारसाठी मी या कडेच्या किंचित आतल्या बाजूला, टोपीकडे झुकून सुरुवात करतो. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये जी जागा जास्त तिखट वाटली असती तीच इथे सुराला धार देते.

ही जागा शोधायची एक पद्धत आहे, तिला दुसऱ्या माणसाचीही गरज नाही. गिटारचा आवाज बंद करा, ॲम्पचा गेन चढवून ठेवा. ॲम्प नुसता सळसळ करत राहील. कानावर बंद हेडफोन चढवा आणि हाताने माइक जाळीसमोरून अगदी हळू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्या. त्या सळसळीचा रंग बदलत जातो. टोपीपाशी ती फुटक्या नळासारखी फिसफिसते, कडेला येताना मधला भाग भरतो, शंकूवर गेली की ब्लँकेटखालून आल्यासारखी होते. जिथे ती भरलेली तरीही उघडी वाटेल तिथे थांबा, स्टँड घट्ट करा आणि मग रिफ वाजवा. सूर वाजत असताना कान सुरामागे धावतो, सळसळीत मात्र त्याला नुसता रंग ऐकू येतो, म्हणून ही पद्धत इतकी अचूक आहे. कॅबिनेटमध्ये चार स्पीकर असतील तर चारही तपासा. एकाच कंपनीचे, एकाच दिवशी बसवलेले असले तरी ते सारखे वाजत नाहीत. आणि हे करताना आवाज कानाला सोसेल इतकाच ठेवा, सळसळ अचानक वाढू शकते.

अंतर हा तळाचा फेडर समजा. जाळीला टेकवून सुरुवात करा, पाम म्यूट वाजवत एकेक सेंटीमीटर मागे घ्या. एका जागी आघात फुगणं थांबून ठोसा बनतो. सात तारांच्या गिटारवर ही जागा मला बऱ्याचदा पाच-सहा सेंटीमीटरवर सापडली आहे, पण तुमच्या कॅबिनेटवर ती दुसरीकडे असणार. तिखटपणा कमी करायचा असेल तर इक्वलायझरआधी माइक तिरका करून बघा. माइक बाजूने येणारे वरचे सूर कमी ऐकतो, त्यामुळे ३० ते ४५ अंश वळवला की टोचणी उतरते आणि मधली पट्टी तशीच राहते.

दोन माइक लावायचे तर

एकाच्या उणिवा दुसऱ्याने भराव्यात म्हणून दोन माइक लावतात. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या स्टुडिओ फ्रेडमनच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत दोन्ही माइक एसएम५७ च असतात, एक सरळ टोपीवर रोखलेला आणि दुसरा साधारण ४५ अंशांत तिरका, दोघांची डोकी शेजारीशेजारी. तिरक्याचा मऊपणा आणि सरळ असलेल्याची धार फेडरने हवी तशी मिसळायची. जड गिटारसाठी मला ही पद्धत फार आवडते, कारण दोघं एकाच अंतरावर असल्याने भांडण होत नाही.

भांडण म्हणजे फेजचं. दोन माइक स्पीकरपासून वेगवेगळ्या अंतरावर असतील तर एकच आवाज दोघांपर्यंत थोडा पुढेमागे पोहोचतो आणि मिसळताना काही सूर एकमेकांना पुसून टाकतात. अंतरात ३ सेंटीमीटरचा फरक असेल तर पहिला खड्डा ५,७०० हर्ट्झच्या आसपास पडतो, प्लेक्ट्रमच्या ओरखड्यावर. एसएम५७ तीनवर आणि रिबन पंधरावर असेल तर फरक १२ सेंटीमीटरचा, आणि खड्डा १,४०० च्या आसपास, गिटारच्या गाभ्यात. उपाय दोन: एक तर दोघांचे पडदे एका रेषेत आणा, किंवा रेकॉर्ड झाल्यावर मागच्या माइकचा ट्रॅक तेवढा आधी आणा. १२ सेंटीमीटर म्हणजे सेकंदाच्या एक हजाराव्या भागाचा साधारण एक तृतीयांश. ४८ हजारांच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला ४८ हजार मोजमापं) ते १७ सॅम्पल होतात. अंतर मोजताना जाळीचं टोक धरू नका, आतला पडदा कुठे आहे ते बघा.

चूक कुठली आहे हे ओळखायची खूणही खर्जच देतो. दोन्ही फेडर वर केल्यावर तळ एकदम नाहीसा झाला, तर अंतराचा प्रश्न नाही, पोलॅरिटी उलटी आहे. सव्वासहा मीटरच्या लाटेला दहा-बारा सेंटीमीटरचा फरक जाणवत नाही, ती पुसली जाते ती दोन माइक एकमेकांविरुद्ध चालत असले तरच. एका वाहिनीवरचं पोलॅरिटीचं बटण दाबा, तळ परत येईल. तळ शाबूत आहे पण आवाज पोकळ, पाइपमधून आल्यासारखा वाटतोय, तर अंतर दुरुस्त करा.

ॲम्पच नसेल आणि सॉफ्टवेअरमधले कॅबिनेटचे नमुने वापरत असाल, तरी वरचं सगळं तसंच लागू होतं. त्या फायलींच्या नावात माइक, टोपी किंवा कड आणि अंतर बहुतेकदा लिहिलेलं असतं. दोन नमुने मिसळताना फेज तिथेही तपासावी लागते.

माइक पसंत करताना गिटार एकटी ऐकू नका, एवढाच माझा आग्रह आहे. बेस गिटार आणि ड्रमचा कच्चा का होईना ट्रॅक आधी वाजवून घ्या. त्यावर प्रत्येक माइकने तोच रिफ दहा सेकंद रेकॉर्ड करा, सगळ्यांचा आवाज कानाने सारखा करून घ्या, कारण जो मोठा वाजतो तोच नेहमी चांगला वाटतो. डावीकडे एक टेक आणि उजवीकडे दुसरा, असे दोन वेगळे वाजवलेले टेक ठेवून ऐका. शेवटी गाण्यात गिटार तशीच येणार आहे आणि दोन टेकचा तळ मिळून दुप्पट होतो. मग गिटारवर हाय-पास, म्हणजे ठरवलेल्या आकड्याखालचे सूर गाळणारा, फिल्टर लावून तो ६० वरून हळूहळू १०० हर्ट्झपर्यंत चढवत न्या. ज्या माइकचा रिफ फिल्टर चढल्यावरही जड राहतो, सूर ओळखू येतात आणि खालची जागा बेस गिटारला मोकळी मिळते, तो ठेवा. जो एकटा असताना सर्वांत भव्य वाटला होता तो बहुतेकदा इथेच मागे पडतो.

जागा ठरली की स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर टेप लावा, जाळीवर माइकच्या टोकासमोर एक बारीक तुकडा चिकटवा, अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा आणि समोरून व बाजूने फोटो काढा. एखादी ओळ पुढच्या आठवड्यात पुन्हा वाजवायची वेळ येतेच. तेव्हा नव्या तारा चढवून, नीट ट्यून करून बसलात तरी माइक एका सेंटीमीटरने हललेला असेल तर जुन्या टेकला तो टेक जुळणार नाही.